सीट हलेना, आळी हलली

आलात का वहिनी! रात्री रिक्षाचा आवाज आला तेव्हाच ह्यांना म्हटलं, आल्या बघा. लेक कशी आहे, नात काय म्हणते, ते सगळं विचारते सावकाश. आधी इकडे या. तिथे नको, गडग्याचे त्या बाजूचे चिरे हलतायत, ह्या फणसापाशी या. अख्खा पावसाळा तुम्ही न्यू जर्सीत, तेव्हा इथे आळीत काय झालं त्याचा पत्ताच नसेल तुम्हाला.

तात्यांच्या सायकलची सीट जाम झाली.

हसू नका हो. म्हणजे हसा, पण आधी ऐका.

सायकल तात्यांची नाही खरं तर, नातवाची. गिअरची. पुण्याला नवी घेतली म्हणून ही जुनी आजोबांकडे धाडलेली. मे महिन्यात पोरगं आलं तेव्हा त्याने ती थिबा पॅलेसपर्यंत पिदडली आणि जाताना पडवीत उभी करून गेलं. आता तात्यांची पडवी तुम्हाला ठाऊक आहे. पश्चिमेची झड आली की आत डबकं. आपल्या रत्नागिरीत पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर, त्यात समुद्राचा खारा वारा. सायकल बिचारी जूनपासून तिथे भिजत. दिवाळीच्या सुट्टीत पोरगं आलं ते ताडमाड होऊन. पायडल मारताना गुडघे हनुवटीला लागायला लागले, म्हणून सीट वर घ्यायला गेलं, तर सीट हलेना.

पहिले तात्या पुढे सरसावले. मागचा नटबोल्ट सैल केला, सायकल दोन पायांत धरली, सीटला दोन्ही हातांनी मिठी मारली आणि ओढलं वर. सायकलच वर आली. मग पोराने चाक धरलं, सूनबाईंनी हँडल धरलं, तात्यांनी पुन्हा ओढलं. तिघेही वर आले म्हणायचे. मी इथूनच बघत होते, कपडे वाळत घालायचं निमित्त करून.

तेवढ्यात अण्णा आले. हो, अण्णाच! कलमाची फांदी तोडल्यापासून दोघांचं बोलणं बंद होतं ना? पण कुणाचं काही जाम झालंय म्हटल्यावर अण्णांना घरात बसवेल? आयुष्य वर्कशॉपात गेलं त्यांचं. हातोडी घेऊनच आले. म्हणाले, तात्या, बाजूला व्हा, हे ताकदीचं काम नाही, ठोक्याचं आहे. आणि सीटला खालून दिले ठणाठण ठोके. पिलर, म्हणजे सीटचा फ्रेममध्ये जाणारा दांडा, तसूभर सरकला नाही, सीटखालची सळई मात्र वाकली. त्या सळईचं पुढे काय झालं ते सांगते, ते विसरू देऊ नका मला.

वास्तविक ठोका अगदीच चूक नाही. पण आधी सीट काढून ठेवायची. मग उघड्या पिलरच्या डोक्यावर लाकडाचा ठोकळा धरून एखाददुसरा ठोका खालच्या बाजूला द्यायचा, आतला गंज तडकावा म्हणून. खालून वर, तेही सीटवर, हे म्हणजे नुसती सीटला शिक्षा.

मग आळीतले बँकवाले आले. त्यांच्याकडे त्या निळ्या-पिवळ्या डब्यातलं फवाऱ्याचं तेल असतं, डब्ल्यूडी-४०. दाराची बिजागरी कुरकुरली तरी तेच, कुलूप अडलं तरी तेच. फसफस फवारलं सांध्यावर, आणि पाच मिनिटांनी म्हणाले, आता ओढा. पाच मिनिटांत काय होणार, कपाळ? ते तेल १९५३ साली अमेरिकेत सॅन डिएगोला बनवलं, ॲटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून. चाळीसाव्या प्रयत्नात जमलं म्हणून नावात चाळीस. त्याचं काम पाणी हाकलायचं. गंज चढू नये म्हणून ते उत्तम, पण चढून बसलेल्या गंजात शिरायला त्याहून पातळ, मुरणारं तेल लागतं, आणि वेळ लागतो. निदान एक रात्र. तेवढा धीर आपल्या आळीत कुणाला आहे?

तोवर आळी जमली होती वहिनी. वरच्या घरातली मुलं, दूध घालणारा, ह्यांना तर मी घरात ठेवूच शकले नाही. जो येतो तो आपला उपाय सांगतो. एक जण म्हणाला रॉकेल ओता. एक म्हणाला, उलटी टांगा, आपोआप गळेल. तात्या मधूनमधून एकच पालुपद लावत होते, आमच्या वेळच्या सायकलींना असं कधी झालं नाही. त्यांची ती चोवीस इंची सेन-रॅले होती ना, आसनसोलच्या कारखान्यातली, तिचं कौतुक. तिला नाही झालं हे खरं. पण तिचा पिलरही लोखंडी, फ्रेमही लोखंडी, आणि वर्षाला एकदा तिठ्यावर नेऊन ओव्हरऑइल व्हायची. सगळी खोलून, पुसून, ग्रीस भरून परत. ह्या गिअरवालीच्या नशिबी आल्यापासून फडकंसुद्धा आलं नव्हतं.

आणि मग बँकवाल्यांनी घरून गॅसची बत्ती आणली. अहो ती, रंगकामवाले वापरतात ती, ज्वाला सोडणारी. म्हणाले, तापवलं की धातू पसरतो, सुटेल.

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. तशीच पदर खोचून गेले. शाळेत इतकी वर्षं प्रसरण शिकवलं ते काय ह्यासाठी? विचारलं, काय तापवणार आहात? म्हणाले, सांधा. म्हटलं, सांध्यात दोन वस्तू आहेत, कुठल्या धातूच्या? सगळे गप्प. अण्णा गप्प, बँकवाले गप्प. सकाळपासून इतकी डोकी जमली होती, पण हा प्रश्न एकाच्याही डोक्यात आला नव्हता.

घरी जाऊन चुंबक आणलं. शाळेचं नाही हो, फ्रिजवरचं. फ्रेमला लावलं, टक्कन चिकटलं. पिलरला लावलं, खाली पडलं. म्हणजे फ्रेम पोलादाची आणि पिलर ॲल्युमिनियमचा. इथेच सगळी गोम आहे. एक मीटरची पट्टी एक अंशाने तापली की ॲल्युमिनियम २३ मायक्रॉन वाढतं आणि पोलाद १२. जवळपास निम्मं. आता आतली वस्तू जास्त फुगणार आणि बाहेरची त्याच्या निम्मीच, तर सांधा सुटेल की आवळेल? शिवाय फ्रेमचा रंग जळणार तो वेगळाच. बँकवाल्यांनी बत्ती विझवली. त्यांच्या मिसेसनी नंतर मला सांगितलं, की ते दुपारी जेवताना बोलले नाहीत.

उलट असतं, म्हणजे फ्रेम ॲल्युमिनियमची आणि पिलर लोखंडी, तर तापवणं बरोबर होतं. म्हणून म्हणते, आधी धातू विचारा.

इथे गार करायला हवं होतं. पोराने लगेच स्कूटर काढली आणि मिरकरवाड्याहून मासळीचा बर्फ आणला, पिशवीभर. आता तो बर्फ मासळीवरचा, म्हणजे त्यात मीठ असू शकतं. मी म्हटलं, पिशवीतच ठेव बाबा, पिशवी गुंडाळ पिलरभोवती, बर्फाचं पाणी आत जाऊ देऊ नकोस, ह्या मिठानेच तर वाट लावलीय. ते कसं म्हणता? तुम्ही तिकडे तो स्वातंत्र्यदेवीचा पुतळा बघून आलात ना? फोटो टाकला होतात, मागे बोट आणि तुमची ती निळी शाल. त्या पुतळ्याचं हेच दुखणं होतं. बाहेर तांब्याचा पत्रा, आत लोखंडी सांगाडा, आयफेल टॉवरवाल्या आयफेलने रचलेला. त्यालाही ठाऊक होतं की दोन धातू चिकटले आणि मध्ये ओल आली की बॅटरी सुरू होते. म्हणून मध्ये लाखेत बुडवलेलं ॲस्बेस्टॉस घातलं होतं. शंभर वर्षांत ते झिजलं, ओल साचली, लोखंड गंजून फुगलं आणि रिव्हेटा उपटायला लागल्या. १९८६ साली शताब्दी होती, तिच्यासाठी आतल्या लोखंडी पट्ट्या काढून स्टेनलेस स्टीलच्या घातल्या आणि तांब्याला थेट टेकू नयेत म्हणून मध्ये टेफ्लॉन. तिथे लोखंड गेलं, तांबं वाचलं. इथे ॲल्युमिनियम गेलं, पोलाद वाचलं. दोघांतला जो धातू जास्त तडफदार तो स्वतः झिजतो, दुसऱ्याला वाचवतो. बोटींच्या पंख्याजवळ जस्ताचा ठोकळा लावतात तो ह्याचसाठी, जस्ताने झिजावं आणि पंखा राहावा म्हणून. आणि खारं पाणी म्हणजे ह्या बॅटरीला खाद्यच. पुण्याच्या कोरड्या हवेत ही सायकल कदाचित दोन वर्षं तशीच राहिली असती, आपल्याकडे एक पावसाळा पुरला.

झिजतं म्हणजे नुसतं कमी होत नाही बरं का. ॲल्युमिनियमचा तो पांढरा भुगा मूळ धातूपेक्षा जास्त जागा मागतो. नळीत जागा कुठली? मग तो चहूबाजूंनी दाबून बसतो, भिजलेल्या लाकडी पाटावाणी. ओढून काय होणार त्याला?

तर बर्फ. बर्फाने काय साधलं म्हणाल तर फार नाही. हिशेब करून दाखवला मी पोराला. पिलर २७.२ मिलिमीटरचा, गार झाला तीसेक अंशांनी, आणि फ्रेम अजिबात गार होऊ दिली नाही असं धरलं तरी आकुंचन १९ मायक्रॉनचं. मिलिमीटरचा पन्नासावा भाग. पण तो भुगा ठिसूळ असतो, त्याला तेवढी तडसुद्धा पुरते, आणि तडीतून तेल शिरतं. बर्फ हा शेवटचा उपाय नव्हे, पहिली चुणूक म्हणायची. तात्यांना मात्र बर्फ लावल्याबरोबर सीट टुणकन वर येईल असं वाटत होतं. नाही आली. मग काय, इतका वेळ गप्प असलेल्या सगळ्यांना पुन्हा कंठ फुटला.

शेवटी पोरगं सायकल घेऊन तिठ्यावर गेलं. त्या म्हाताऱ्या सायकलवाल्याकडे, ज्याच्या दुकानाला पाटीसुद्धा नाही. मीही गेले मागोमाग. भाजी आणायची होतीच.

त्याने आधी काय केलं सांगू? काहीच नाही. सायकलभोवती एक फेरी मारली. मग नटबोल्ट पूर्ण काढून घेतला, नुसता सैल नाही. फ्रेमची ती मागची चीर असते ना, तिच्यात पेचकस घालून किंचित फाकवली. पाण्याच्या बाटलीचा स्टँड होता तोही काढला, कारण त्याचा स्क्रू लांब असला तर आत जाऊन पिलरला टेकतो. म्हणाला, बाई, ह्याला नुसतं वरून तेल पाजून भागत नाही, पोटातून पाजायला लागतं. पायडलचा एक्सल, कप, छर्रे सगळं काढलं, सायकल उलटी टांगली आणि खालच्या भोकातून सीटच्या नळीत पातळ तेल सोडलं. उलटी असल्यामुळे ते थेट पिलरच्या बुडाशी जाऊन बसलं. वरच्या सांध्याला वेगळं दिलं. आणि म्हणाला, उद्या या. बघा वहिनी, जे अख्ख्या आळीला सुचलं नाही ते त्याने एका वाक्यात सांगितलं.

दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा त्याने दोन्ही चाकं उतरवून ठेवली होती. पिलरचं वरचं टोक बाजूच्या वेल्डिंगवाल्याच्या व्हाइसमध्ये करकचून आवळलं. आता पिलर हलणार नाही, हलली तर फ्रेम हलेल. फ्रेम उलटी, व्हाइसवर आडवी. एका बाजूने पोरगं, एका बाजूने तो, आणि ओढायचं मुळीच नाही, फिरवायचं. थोडं इकडे, थोडं तिकडे. ओढताना हाताचा जोर तेवढाच लागतो जेवढा आहे. फिरवताना फ्रेम म्हणजे लांब दांडा. अर्धा मीटर अंतरावर वीस किलोचा जोर लावलात, तर पिलरची त्रिज्या साडेतेरा मिलिमीटर, म्हणजे भुग्यावर तो सातशे किलोंच्या वर पडतो. मी तिथेच भाजीच्या पिशवीवर आकडे लिहून पोराला दाखवले. आर्किमिडीजचं नाव घेतलं तर पोरगं म्हणतं, आजी, हे परीक्षेला आहे. बरं झालं म्हटलं.

बराच वेळ काही झालं नाही. मग असा आवाज आला वहिनी, कर्रर्र, की वेल्डिंगवाला हातातलं काम टाकून बघायला आला. त्यानंतर प्रत्येक फेऱ्याला केसभर केसभर. मध्ये थांबायचं, तेल द्यायचं, पुन्हा. घाई केली तर फ्रेमच पिरगळते, असं तो सारखा बजावत होता. आणि बाहेर आला तेव्हा पिलर कसा, पांढरा भुगा माखलेला, खड्डे पडलेले, व्हाइसच्या दातांचे वळ उठलेले. गेलाच तो. पण फ्रेम शाबूत.

नसता आला तर? ते विचारलं मी. म्हणाला, मग पिलर वरून कापायचा आणि करवतीचं पातं हाताने धरून आतून उभी चीर पाडत जायची, फ्रेमला धक्का न लावता. चीर पडली की पिलर आत दुमडतो. दिवस जातो त्यात, आणि बोटांची सालं. त्यालाही दाद नाही दिली तर कॉस्टिक सोडा. ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. प्रयोगशाळेत पाहिलंय मी. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो, पोलादाला काही करत नाही, त्यामुळे उपाय पक्का आहे. पण त्यातून हायड्रोजन निघतो, द्रावण उकळतं, डोळ्यात गेलं तर डोळा गेला. उघड्यावर, चष्मा, हातमोजे घालून, आणि फ्रेमचा रंग जाणार हे धरूनच करायचं. फ्रेम ॲल्युमिनियमची असेल तर फ्रेमच विरघळेल. अण्णांना ह्यातलं काही कळू देऊ नका हं. त्यांच्या न्हाणीघरात तो डबा आहे.

मग नळी साफ केली. काठीला पॉलिश पेपर गुंडाळून आतून फिरवत राहिला, भुगा निघेपर्यंत. नव्या पिलरसाठी कॅलिपरने माप घेतलं. अण्णांचं म्हणणं होतं, सत्तावीसचा घ्या, चालतो. नाही चालत. दोन दशांश मिलिमीटर बारीक घेतला तर डगडगतो, नटबोल्ट कितीही आवळा, शेवटी फ्रेमची चीर वाकते. जाड घेतला तर ठोकून घालावा लागतो आणि पुन्हा हेच रामायण. २७.२ म्हणजे २७.२. नळीच्या आत आणि पिलरला ग्रीसचा हात फिरवला, पिलरवरच्या खालच्या खुणेच्या आत बसवला, म्हणजे ती खूण फ्रेमच्या बाहेर दिसता कामा नये, नाहीतर बसणाऱ्याच्या वजनाने फ्रेम फाटते. आणि शेवटी काय केलं तर जुन्या ट्यूबचा बोटभर तुकडा कापून पिलरवरून खाली सरकवला आणि सांध्यावर बसवला. मागच्या चाकाचं पाणी त्या चिरेतून आत जातं ना, ते बंद. मला हे इतकं आवडलं, की ह्यांच्या सायकलला मी घरीच बसवलं. ग्रीस मात्र पावसाळ्याआधी दर वर्षी. कार्बनचा पिलर असला तर ग्रीस नाही, त्याला वेगळी पेस्ट मिळते. आपल्याकडे कोण कार्बन घेतोय म्हणा.

पैसे? विचारूच नका. म्हाताऱ्याने दोन दिवसांच्या कामाचे जे सांगितले ते ऐकून मलाच लाज वाटली, इतके कमी. तात्यांनी त्यातही घासाघीस केली. म्हणे, पिलर तर मोडलात. मी मध्ये बोलले, मग त्यांनी दिले, वर मला म्हणाले, तुमचं काय जातंय.

आता ती सळई. सीट परत बसवायला गेले तर वाकलेली सळई पकडीत बसेना. नवी सीट घ्यावी लागली. तात्या म्हणतात, सीटचे पैसे अण्णांनी द्यावेत, हातोडी त्यांची. अण्णा म्हणतात, बोलावलंत म्हणून आलो. तात्या म्हणतात, कोणी बोलावलं? आणि खरंच वहिनी, कोणीच बोलावलं नव्हतं. झालं, पुन्हा अबोला. पूर्वी कलमावरून होता, आता कलम आणि सीट दोन्हींवरून. बँकवाले मध्यस्थी करायला गेले तर दोघांनी मिळून त्यांना बत्तीवरून ऐकवलं. तेवढ्यापुरती त्यांची युती.

पोरगं काय, सुट्टी संपल्यावर गेलं पुण्याला, आणि ह्या खेपेला सायकल रेल्वेने घेऊन गेलं. म्हणालं, आजोबा, तुमच्याकडे ठेवली की आळी जमते. तेव्हा तुम्ही आज भेटायला निघाल तर तात्यांकडे अण्णांचं नाव काढू नका आणि अण्णांकडे सायकलचं. आणि तिकडून मुलीने चॉकलेटं दिली असतील ना, त्यातली थोडी तिठ्यावरच्या म्हाताऱ्याला नेऊन द्या. त्याला गोड आवडतं, मी विचारून ठेवलंय.